पंचहौदाचा चहा व धर्मस्वातंत्र्य

पुण्याच्या गुरुवार पेठेंतील पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलाच असेल. तेथील पंचहौद मिशनमध्यें इ. स. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हेहि तींत होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लाविला. पुढें या पाहुण्यांचीं नांवें ‘पुणें-वैभव’ पत्रांत प्रसिद्ध झालीं आणि गांवांत एकच गहजब उडाला. मिशनऱ्यांकडील चहानें धर्म बुडाला, अशी तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली व ग्रामण्य माजलें.

या प्रकरणांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, पेशवाईंत बहिष्कार व प्रायश्चित्त यांच्या निर्णयांत सरकारचा हात असे. येथें मात्र सरकारनें कोणास दंड केला नाहीं. तरीहि माणसें मोकळीं होतीं काय? ज्यावर बहिष्कार पडे, त्याच्या घरीं मंगलकार्यास भटजी मिळणें कठीण होई आणि आप्तेष्टांचीहि पंचाईत होई. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, तेव्हां त्यांच्या कित्येक चाहत्यांस फार वाईट वाटलें.

याच शहरांत गोपाळ गणेश आगरकर हे १८८८ सालीं निघालेल्या ‘सुधारक’ पत्रांतून रूढी व शास्त्रवचनें बुद्धीच्या कसोटीस लावीत होते. सनातन्यांनीं ते हयात असतांच त्यांची प्रेतयात्रा काढिली. पण राज्यानें त्यांच्या मतांबद्दल त्यांस शिक्षा केली नाहीं. १८९२ पासून १८९५ सालीं मृत्यु येईपर्यंत ते फर्गसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते.

धर्मनिरपेक्ष राज्य म्हणजे धर्माचें वैरी राज्य नव्हे. कोणास देवळांत, मशिदींत अथवा चर्चमध्यें जाण्याची सक्ति करूं नये आणि जाणाऱ्यास अडवूं नये, हें त्याचें मर्म होय. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य दिलें आहे. २८ व्या कलमान्वयें सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत सामान्यतः धर्मशिक्षण देतां येत नाहीं. सरकारमान्य अथवा अनुदान घेणाऱ्या शाळेंत तें दिलें गेलें, तरी विद्यार्थ्यावर त्याची सक्ति करतां येत नाहीं. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकांची संमति लागते. म्हणून पालकांनीं संमति देण्यापूर्वीं वा नाकारण्यापूर्वीं मुलाचें मनहि जाणून घ्यावें, हें बरें.

परंतु राज्य दूर राहिलें, तरी शेजारी छळूं शकतो, हाच पंचहौदाचा धडा आहे. म्हणूनच महाराष्ट्रास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तथापि वर्गांतील बांकापर्यंत कायदा कोठवर पोंचणार? प्रार्थनेच्या वेळीं एखादा सोबती हात न जोडतां स्वस्थ उभा राहिला, किंवा दुसरा डोळे मिटून तल्लीन झाला, तर दोघांसहि न हिणवणें हें सर्वस्वी आमच्याच हातीं आहे. डबा खातांना त्या दोघांच्या मध्यें बसण्यास जो विद्यार्थी कचरत नाहीं, त्यास धर्मस्वातंत्र्याचा अर्थ कळला, असें आम्ही समजतों.