मिश्रीचे बोट आणि पोटातले बाळ



आमच्या परतुरात भल्या पहाटे एखाद्या गल्लीतून चाललात, तर नाकाला झोंबणारा एक वास येतो. कुणाच्या तरी चुलीवर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली जात असते. ती कुटली की झाली मिश्री. मुंबईकडे तिलाच मशेरी म्हणतात. घरातल्या बायका ती बोटाने दातांना लावतात. गरोदरपणीही सोडत नाहीत. "मी पाच लेकरांच्या वेळी लावली, काय झालं?" असे आजी विचारते. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर मापाने द्यावे लागेल.

आधी हे पाहू, की मिश्री बाळापर्यंत पोचते कशी? ती थुंकून टाकली तरी तिच्यातले निकोटीन हिरड्यांच्या आणि गालाच्या आतल्या पातळ आवरणातून रक्तात उतरते. आईचे व बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये वार असते. वार ही एक गाळणीच म्हणा ना! इन्सुलिनसारखा मोठा रेणू तिच्यात बहुतांशी अडतो. निकोटीनचा रेणू त्याच्या पस्तिसाव्या हिश्शाहूनही हलका, शिवाय चरबीत सहज विरघळणारा. तो पार होतो. त्याने रक्तवाहिन्याही आकसतात. मग वारेकडे रक्त कमी जाते, आणि बाळाचे अन्न व प्राणवायू त्या रक्तातूनच यायचे असतात.

आता माप. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखू वापरणाऱ्यांपैकी बहुतेकींची तंबाखू म्हणजे मिश्रीच होती. आईचे वय, वजन, शिक्षण, घरची परिस्थिती यांचा फरक हिशेबातून वजा केल्यावरही त्यांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅम हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली.

अंगणवाडीतला टांगता स्प्रिंगचा काटा तुम्ही पाहिला असेल. त्यावर शंभर ग्रॅम म्हणजे जेमतेम एक घर! दोन निरोगी बाळांच्या वजनात सहज पाच घरांचा फरक असतो. म्हणून आजीला पाच लेकरांत काहीच दिसले नाही. बारा-पंधराशे आया मोजल्या तेव्हा ते दिसले. पण एक घर लहान समजू नका. जे बाळ मुळातच अडीच किलोच्या काठावर आहे, ते त्या एका घराने खाली येते, आणि अडीच किलोखालच्या बाळाला आजारांचा धोका अधिक.

शिवाय सगळेच नुकसान जन्मतः काट्यावर दिसते असेही नाही. अमेरिकेत १९४० नंतर गर्भपात टळावा म्हणून स्त्रियांना डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे औषध देत. बाळे धडधाकट दिसत. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांना त्यांतल्या काही तरुण मुलींत एक विरळा कर्करोग आढळला. पुढे अनेकींना मूल होण्यातही अडचणी आल्या. कारण मुलीचे गर्भाशय आणि तिची सगळी बीजांडे आईच्या पोटातच घडतात. (तुम्ही ज्या बीजांडातून आलात, ते तुमच्या आजीच्या पोटात तयार झाले होते!)

मिश्रीबाबत एक गोष्ट मात्र आजीला जरूर सांगा. निकोटीन दोन-तीन दिवसांत रक्तातून जवळजवळ नाहीसे होते, आणि बाळाचे निम्म्याहून अधिक वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरते. तेव्हा सहाव्या महिन्यात सोडलेली मिश्रीसुद्धा काट्यावर उपयोगी पडते.