यंत्र आलंच नाही, फाइल आली

निन्टेन्डोचा गेमबॉय १९८९ साली जपानात निघाला आणि गेमबॉय अ‍ॅडव्हान्स २००१ मध्ये. त्या काळात सोलापूरच्या एकाही दुकानाच्या काचेआड मी ही यंत्रं पाहिली नाहीत. हातात धरून खेळायचं म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत मिळणारा ब्रिक गेम. राखाडी पडदा, वरून पडणाऱ्या विटा आणि दोन पेन्सिल सेल, एवढाच त्याचा पसारा. तरीही २००५च्या आसपास आमच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांना पोकेमॉन रूबी आणि फायररेडमधली गावं, गुहा, चोरवाटा तोंडपाठ होत्या. मालिका कार्टून नेटवर्कवर लागायची. खेळ मात्र सायबर कॅफेतून फाइल होऊन आला. त्या फाइलींशी पोरांनी पुढं जी झटापट केली, ती मला खेळण्याइतकीच मोलाची वाटते. संगणक आत कसा चालतो याचा पहिला धडा अनेकांना तिथंच मिळाला.

कार्ट्रिजमधल्या चिपवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला की रॉम फाइल होते. संगणकाला गेमबॉयसारखं वागायला लावणारा प्रोग्राम म्हणजे एम्युलेटर. मला हे समजायला वेळ लागला, पूर्व भागातल्या एका मित्राला लागला नाही. त्याच्या घरी जेकार्डचे माग होते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर चढवायची. कार्डावर भोक आहे की नाही यावरून ताण्यातला कुठला धागा उचलायचा ते ठरतं आणि चादरीवर मोर उमटतो. माळ बदलली की त्याच मागावर दुसरं डिझाईन. ‘कार्ड म्हणजे रॉम बे,’ तो म्हणाला, आणि विषय संपला.

पोकेमॉन रेडची रॉम एक मेगाबाइटची. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत ती आरामात मावायची, त्यामुळे ती दप्तरातून फिरली. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या फायररेडची फाइल १६ मेगाबाइटची, ती फ्लॉपीच्या आवाक्याबाहेरची. कोणी तरी कॅफेत बसून उतरवून घ्यायची, सीडीवर टाकायची, आणि मग ती सीडी ओरखड्यांनी भरेपर्यंत गल्लोगल्ली जायची.

घरच्या संगणकावर एम्युलेटर म्हणून व्हिज्युअलबॉय अ‍ॅडव्हान्स असायचा. झेड म्हणजे ए बटण, एक्स म्हणजे बी, आणि स्पेसबार दाबून धरला की सगळा खेळ धावत सुटायचा. खरी गंमत सेव्हची होती. एम्युलेटरची जुनी आवृत्ती असली की फायररेड सुरू करताच ‘वन एम सब-सर्किट बोर्ड बसवलेलं नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश यायचा. पोरं गोंधळायची. बोर्ड कुठून आणायचं? उलगडा असा, की इथला ‘वन एम’ म्हणजे एक मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून एक मेगाबिट म्हणजे १२८ किलोबाइट. खेळाला सेव्हसाठी तेवढी फ्लॅश मेमरी हवी असायची आणि एम्युलेटर निम्मीच देत असायचा. मेनूत जाऊन सेव्ह टाइप १२८ के करायचा, चुकीच्या मापाची जुनी सेव्ह फाइल काढून टाकायची आणि खेळ पुन्हा उघडायचा. बिट आणि बाइट यांतला फरक बारावीच्या पुस्तकात यायच्या किती तरी आधी सातवी-आठवीतल्या पोरांना कळला तो असा, अडलं म्हणून. रूबीत तर घड्याळाची खूण वेगळी लावावी लागे. ती नसली की लावलेली बेरी वाढायचीच नाही.

त्यात ते भारनियमनाचे दिवस. खेळातलं सेव्ह लढाई चालू असताना करता येत नाही. पण एम्युलेटरला सेव्ह स्टेट येतं. त्या क्षणी यंत्राच्या मेमरीत जे काही असेल ते सगळं एका फाइलीत उतरतं. लाइट गेली, यूपीएस ओरडायला लागला, की शिफ्ट आणि एफ वन. ज्याच्याकडे यूपीएस नाही तो भारनियमनाच्या वेळापत्रकावर डोळा ठेवून खेळायचा.

मग फोन आले. साध्या जावा फोनवर मीबॉय नावाचा एम्युलेटर चालायचा. त्याला फोनमधली रॉम वाचता येत नसे, म्हणून संगणकावर रॉम आणि एम्युलेटर एकत्र बांधून जार फाइल करायची आणि ती ब्लूटूथनं फोनवर ढकलायची. नवी पेठेतल्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळायचं: गाणी, सिनेमे, वॉलपेपर आणि एक गेमचा फोल्डर. त्या फोल्डरमध्ये काय आहे हे दुकानदारापेक्षा काउंटरवरच्या पोराला जास्त ठाऊक असायचं.

हेन्रिक रिडगार्ड या स्वीडिश प्रोग्रामरनं २०१२ च्या नोव्हेंबरात पीपीएसएसपीपी हा एम्युलेटर खुला केला आणि सोनीच्या पीएसपीचे खेळ स्वस्त अँड्रॉइड फोनवर आले. त्या यंत्राच्या चकतीत १.८ गिगाबाइट मावायचे. आयएसओ फाइल दाबून सीएसओ करायची, फ्रेमस्किप लावायचा, हे सगळं पुन्हा नव्यानं शिकणं झालं. २०१६ मध्ये जिओचा डेटा आला, दोन वर्षांत पब्जी आला, आणि फाइलींचा नाद बऱ्याच जणांचा सुटला.

कायद्याचंही सरळ सांगायला हवं. एम्युलेटर लिहिणं किंवा वापरणं हा गुन्हा नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रामची कायदेशीर प्रत असलेल्याला राखीव प्रत काढू देतं. आमच्याकडे मूळ कार्ट्रिजच नव्हतं, त्यामुळे ती मुभा आम्हाला नव्हती. ज्यांनी खेळ रचले त्यांचा मोबदला आमच्याकडून त्यांना पोचला नाही, आणि हे मला आज सलतं. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकतच मिळत नाहीत. पैसे मोजायची तयारी असूनही दुकान बंद असेल, तर ते खेळ फाइलीतच जगणार.

२०२४ या एका वर्षात दोन्ही टोकं दिसली. मार्चमध्ये निन्टेन्डोच्या दाव्यानंतर यूझू या एम्युलेटरच्या निर्मात्यांनी २४ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं, आणि त्याच मंडळींचा थ्रीडीएससाठीचा सिट्रा एम्युलेटरही बंद झाला. एप्रिलमध्ये अ‍ॅपलनं जुन्या यंत्रांच्या एम्युलेटरना आपल्या दुकानात जागा दिली आणि डेल्टा नावाचा एम्युलेटर हजारो किलोमीटरवरच्या आमच्याही आयफोनवाल्यांच्या हातात आला.

आता माझं सगळं लक्ष सेव्ह फाइलींवर असतं. रॉम जगात कुठं तरी सापडेलच. तुमच्या भावानं तुमच्या नावानं सुरू केलेला खेळ दुसरीकडे कुठंच नाही. सेव्ह स्टेट बहुतेकदा त्याच एम्युलेटरच्या त्याच आवृत्तीत उघडतं, पण सॅव्ह एक्स्टेन्शनची साधी फाइल आजच्या एमजीबीए या एम्युलेटरमध्येही चालते. तेव्हा माळ्यावरचा जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याची हार्ड डिस्क एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या. रूबी, फायररेडची सेव्ह १२८ किलोबाइटची असते, जुन्या रेडची ३२ ची. रॉमचं जे नाव तेच तिचं नाव, फक्त शेवट वेगळा. दोन ठिकाणी उतरवून ठेवा, आणि मगच भंगारवाल्याला हाक मारा.