जुन्या लॅपटॉपवर लिनक्स

नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा विंडोज आधीच घातलेली असते. ती काढून तिच्या जागी लिनक्ससारखी मुक्त प्रणाली टाकता येते. मुक्त म्हणजे जिचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा अशी. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिला. भारतात सी-डॅकने त्यावर ‘बॉस’ नावाची प्रणाली बांधली.

विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, म्हणून २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप धडधाकट असूनही मागे पडले. गोंदिया जिल्ह्यात आमगाव किंवा देवरीच्या घरात असा लॅपटॉप असेल, तर तो भंगारात देणे म्हणजे चांगली वस्तू वाया घालवणे. लिनक्स मिंट २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर सुरळीत.

लिनक्स टाकण्याआधी फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. ही पायरी टाळणाऱ्यांचेच नुकसान होते. प्रणालीची फाइल साधारण ३ जीबीची. गावात नेट मंद असेल, तर गोंदियात उतरवून आणलेली एकच फाइल कितीतरी लॅपटॉपना पुरते. ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रुफस किंवा एचर या प्रोग्रामने लिहावी लागते. मग लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार) दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. डिस्कला हात न लावता प्रणाली तिथूनच चालते. वायफाय, आवाज, प्रिंटर याच वेळी तपासावेत. पटले तरच इन्स्टॉल करावे: सगळी डिस्क पुसून, किंवा विंडोज शेजारी ठेवून. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर डिस्क अर्धवट राहते, म्हणून बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा.

अडचणी खऱ्या आहेत. श्रीलिपीसारखे डीटीपीचे सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजसाठी आहे. अंगठ्याच्या ठशाच्या काही यंत्रांचे ड्रायव्हरही. सेवा केंद्र किंवा छपाईचे दुकान चालवणाऱ्याने विंडोज ठेवूनच लिनक्स शेजारी घ्यावी. घरचे टायपिंग, अभ्यास, व्हिडिओ यांना मात्र काही कमी पडत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही आहेत.

युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये सेटिंगमधून सुरू होतात. मराठीखेरीज सालेकसा, देवरीकडे गोंडीही बोलली जाते, आणि शेजारच्या बालाघाटच्या मुंशी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी लिपी तयार केली. २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. नोटो संग्रहातला मसराम गोंडी फॉन्ट लिनक्सवर मोफत बसतो, आणि त्या लिपीतला मजकूर रिकाम्या चौकटींऐवजी अक्षरांत दिसतो.