गोंडे फुलले, पण माशी कुठे आहे?

जालना, बुलढाणा या भागांत अनेक शेतकरी कुटुंबे कांद्याचे बी पिकवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडक कांदे लावायचे, थंडी सरता सरता पांढरे गोंडे डोलू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काळेभोर बी हाती येते. मुलांची फी, घरातले लग्न, उसनवारी, सारे या बियाण्याच्या पैशावर अवलंबून असते.

पण दुष्काळाच्या वर्षी उरलेसुरले पाणी देऊन पीक जगवले, तरी मळणीत बी कमीच भरते. आपण पाण्याला, खताला दोष देतो. माशीकडे मात्र लक्ष जात नाही.

कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो फुले असतात आणि एका फुलात जास्तीत जास्त 6 बिया धरतात. फुलातले पराग आधी बाहेर पडतात, स्त्रीकेसर त्यानंतर तयार होते. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून यावे लागतात. हे काम मुख्यतः मधमाश्या करतात.

पाणी तुटले की झाड स्वतःला वाचवते. फुले लहान आणि कमी येतात, त्यांतला मधुरस आटतो. कांद्याचा मधुरस मुळातच माशीला फारसा आवडत नाही. कोरड्या उन्हात तो घट्ट होतो आणि ती आणखी टाळते. उष्णतेने परागांची ताकदही घटते.

तिकडे पोळ्यावरही संकट असते. पिल्लांसाठी पोळ्याचे तापमान सुमारे 35 अंश राखावे लागते. त्यासाठी माश्या पाणी आणून पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. ओढे, डबकी आटली की हे पाणी दुरून आणावे लागते. चारा-पाणी संपले की आग्या माश्या तो भागच सोडून जातात.

एप्रिल 2016 मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आले. माशीसाठी अशी गाडी येत नाही. तिच्यासाठी आपल्यालाच थोडे काही करता येईल.

शेताच्या कडेला उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवावे. त्यात खडे टाकावेत, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. हे काम मुलांकडे सोपवता येईल. पाणी रोज बदलावे. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अगदीच गरज पडली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी. बांधावरची कडुनिंब, करंज, बोर तोडू नयेत. पिकाला पाणी थोडेच असेल, तर त्यातले फुलोऱ्यासाठी राखून ठेवावे.

कुरआनातील 16 व्या सूरहचे नावच 'अन-नहल', म्हणजे मधमाशी. तहानलेल्या जिवाला पाणी पाजावे, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते. बांधावरचे ते भांडे भरताना हा जीवही आठवावा. उद्याचे बी तिच्याही कष्टाचे आहे.