रोह्याहून बरानगरला

बारावीचा निकाल लागला की रायगडच्या किनाऱ्यावर हुशार मुलाला दोनच गोष्टी विचारतात : सीईटीला किती पडले, आणि मुंबई की पुणे? गणितावर मनापासून जीव असलेली मुलेही मग कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडला जाऊन बसतात. कोलकात्याला लागून असलेल्या बरानगरमधल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे, म्हणजे आयएसआयचे नाव अलिबाग-मुरूडकडच्या घरांत क्वचितच निघते. मला याची फार खंत वाटते. कारण 1945 ते 1964 अशी जवळजवळ वीस वर्षे या संस्थेचे अध्यक्षपद रोह्यात वाढलेल्या माणसाकडे होते.

चिंतामणराव देशमुख. जन्म 1896 चा, महाडजवळच्या नाते गावचा. वडील रोह्याला वकिली करत. 1912 साली मॅट्रिकला पहिले, मग केंब्रिज, 1918 मध्ये आयसीएसला पहिले, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी दिलेला राजीनामा तर महाराष्ट्र विसरलेला नाही. सांख्यिकी संस्था मात्र या यादीतून नेहमी गळते.

प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी ही संस्था 1931 च्या डिसेंबरात उभी केली. पीक किती येईल, माणसे किती खर्च करतात, हे सगळ्यांना न विचारता नेमक्या थोड्यांना विचारून कसे काढायचे, याचे शास्त्र त्यांनी इथे घडवले. 1950 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी त्यातूनच आली. 1959 च्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा आणि पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव इथलेच. 2007 मध्ये गणितातले आबेल पारितोषिक मिळवणाऱ्या वरदन यांची डॉक्टरेटही इथलीच. बारावीनंतर दोन जुने रस्ते आहेत : कोलकात्याला बी.स्टॅट. आणि बंगळुरूला बी.मॅथ. प्रत्येकी जागा साठीच्या आसपास.

अमेरिकेत दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठात कितीतरी जास्त फी भरावी लागते. आपल्याकडे एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यासाठी राखलेल्या असतात. आयएसआयमध्ये राज्याचा कोटाच नाही. श्रीवर्धनचा मुलगा आणि कोलकात्याचा मुलगा एकाच रांगेत. बारावीचे टक्केही मोजत नाहीत. गणित आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण झाले की पुरे. म्हणजे गणित घेतलेल्या कॉमर्सच्या मुलीलाही दार उघडे आहे, आणि हे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत कोणी सांगत नाही.

परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी, दोन सत्रांत. सकाळी 30 वस्तुनिष्ठ प्रश्न. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीच्याला शून्य, आणि सोडून दिलेल्या प्रश्नाला 1 गुण! चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने हाती 1 गुणच येतो, म्हणजे सोडून दिल्याइतकाच. नुसत्या अंदाजाने फायदा नाही. पण विचार करून एक पर्याय जरी खोडता आला, तरी सरासरी 1 च्या वर जाते. संभाव्यतेचे शास्त्र शिकवणारी संस्था गुण देतानाच पहिला धडा देते, आणि हे मला फार आवडते.

खरी पारख दुपारच्या आठ प्रश्नांत होते. तिथे उत्तर नको, सिद्धता हवी. या धाटणीचे अगदी सोपे उदाहरण घेऊ. कुठलीही पूर्ण संख्या घ्या, तिच्या घनातून तीच संख्या वजा करा. उरलेल्या संख्येला 6 ने नेहमी निःशेष भाग जातो, हे दाखवा. 2 घेतले तर 8 वजा 2, म्हणजे 6. 5 घेतले तर 120. अशा पन्नास संख्या तपासून पाने भरली तरी गुण मिळत नाहीत. पण अवयव पाडले की दिसते : ही संख्या म्हणजे आधीची, ती आणि पुढची अशा तीन लागोपाठ संख्यांचा गुणाकार. तिघींत निदान एक सम असणारच, आणि एकीला 3 ने भाग जाणारच. संपले. क्लासमध्ये सूत्रे घोकून आलेला मुलगा इथे अडतो. समुद्राच्या भरतीच्या वेळा मनात मांडत बसणारा, ‘असे का?’ म्हणून मागे लागणारा मुलगा तरतो.

अर्ज ऑनलाइन असतो, पण मुले अडकतात ती कागदपत्रांत. ओबीसीसाठी राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. राज्याचे एसईबीसी आरक्षणही केंद्राच्या संस्थेत लागू होत नाही. जाहिरात आल्यावर सेतू केंद्राच्या चकरा मारण्यापेक्षा आधीच दाखला हातात असावा. परीक्षाकेंद्र मुंबईत मिळू शकते. तरी मांडव्याच्या सकाळच्या बोटीवर भिस्त ठेवू नये, आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जावे.

गणितापेक्षा व्यापारशिक्षणाची ओढ असेल तर दिल्ली विद्यापीठ आहे. चिंतामणराव 1962 ते 1967 तिथे कुलगुरू होते. पूर्वी तिथल्या नामवंत महाविद्यालयांचे कटऑफ 100 टक्क्यांना भिडत. 2022 पासून सीयूईटी या देशव्यापी प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. त्यामुळे महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना, ज्यांचे टक्के इतर बोर्डांपुढे फिके दिसत, आता बरोबरीने उभे राहता येते.

आयएसआयच्या खर्चाची धास्ती पालकांना असतेच. बी.स्टॅट. आणि बी.मॅथ.ला शिकवणीची फी घेत नाहीत, उलट दरमहा विद्यावेतन देतात. ते टिकते मात्र निकालावर. पहिल्याच सत्रात विश्लेषण, बीजगणित, संभाव्यता सगळे सिद्धतेसकट सुरू होते, आणि गावात पहिला आलेला मुलगाही काही महिने गांगरतो. पेपर इंग्रजीत असतो. सेमीच्या मुलांना गणिताची इंग्रजी ओळखीची असते, पण पूर्ण सिद्धता स्वतःच्या वाक्यांत लिहायची सवय नसते. जुन्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. अलिबाग, रोहा, श्रीवर्धनच्या शिक्षकांनी अकरावीच्या वर्गात त्यातला एक प्रश्न दर शनिवारी फळ्यावर लिहावा आणि उत्तर आठवडाभर सांगू नये.