रमण्यातून निघालेला पैसा

निफाडला १८४२ साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या राज्याची तुलना करणारा निबंध लिहिला. कौल दिला मराठ्यांच्या बाजूनं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखून धरली.

इंग्रजीत अशा कृतीला ‘डीफंड’ म्हणतात. २०२० साली अमेरिकेतल्या पोलिसविरोधी आंदोलनात हा शब्द फलकांवर झळकला आणि लगेच वाद पेटला: पोलिस खातंच मोडायचं, की त्याचा थोडा पैसा घरं आणि दवाखान्यांकडे द्यायचा? मराठीत या गोष्टी मुळातच वेगळ्या बोलल्या जातात. अनुदान बंद होतं, रक्कम कापली जाते, वेतन रोखलं जातं, निधी वळवला जातो. रोखलेलं पुन्हा सुटू शकतं. वळवलेला पैसा मात्र नाहीसा होतच नाही, फक्त दुसऱ्याच्या दारी पोचतो. मला यातलं ‘वळवणं’ फार विलक्षण वाटतं, कारण रानडे ज्या निधीचे फेलो होते, त्याचीच कहाणी तशी आहे.

तो निधी दक्षिणेचा. विद्वानांना दक्षिणा देण्याचा, तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेला हा परिपाठ पेशव्यांनी वाढवला. श्रावणात दूरदूरचे शास्त्री-पंडित पुण्याला येत आणि पर्वतीजवळच्या रमण्याच्या आवारात दक्षिणा घेऊन परतत. १८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांनी दक्षिणा एकदम तोडली नाही, पण हात आखडता घेतला. तिचा काही भाग १८२१ मध्ये पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेला मिळाला. पुढे यादीत नवी नावं घेणंच थांबलं. मग १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला, की हा पैसा उपयुक्त मराठी ग्रंथांसाठी खर्चावा. सनातनी मंडळी खवळली. तरीही मराठी पुस्तकांना दक्षिणा प्राइझ मिळू लागलं आणि नंतर कॉलेजातल्या हुशार तरुणांसाठी फेलोशिपा निघाल्या. वेदपठणासाठी काढलेला पैसा मिल आणि मेकॉले वाचणाऱ्यांच्या हाती पडला!

त्यातले एक रानडे. मराठ्यांचा विषय त्यांनी सोडला नव्हता. १९०० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.