औंधचे चित्रदालन

सातारा जिल्ह्यातील औंध गावी, यमाईच्या डोंगराच्या उतारावर, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली जे श्रीभवानी संग्रहालय उभारले, ते संस्थानिकाच्या जामदारखान्यातील ऐवज रयतेला दाखविण्यापुरते उघडलेले दालन नव्हे. ज्या अधिपतीने कारभाराची दप्तरे हाताळीत असतानाच कुंचलाही हाती धरला आणि १९१६ साली स्वतःच्या चित्रांचे रामायण प्रसिद्ध केले, त्याच्या अभ्यासू दृष्टीने केलेली ती निवड आहे. वरच्या झरोक्यांतून उतरणारा दिवसाचा उजेड भिंतींवर असा पसरतो की, तैलरंगांवर फारशी चकाकी न येता छायेतील रंगही वाचता येतात.

या उजेडात रविवर्म्याच्या 'सैरंध्री'समोर बसलेला एक कलाविद्यार्थी मी बराच वेळ पाहत होतो. चेहऱ्याच्या मोहात न पडता त्याने प्रथम हात ताठ करून पेन्सिलीच्या टोकाने मस्तकाचे माप घेतले, तेच माप देहाच्या उंचीत किती वेळा बसते ते ताडून पाहिले, एक लंबरेषा सोडून खांदा व पाऊल यांची जागा ठरविली; मग डोळे किलकिले करून, तपशील विरघळू देऊन, केवळ उजेड आणि अंधार यांचे मोठे भाग कागदावर मांडले, आणि लुगड्याच्या चुण्यांना त्याने हात घातला तो त्यानंतरच.

अनेक जाणकार येथील पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृतींपुढून लगबगीने निघून हेन्री मूर यांच्या पाषाणातील माता आणि बालकापाशी थांबतात. ते शिल्प थांबण्याजोगे आहेच: तपशिलांचा त्याग करूनही त्यातील वात्सल्य घनरूपाने उभे राहते, आणि खटाव तालुक्यातील एका छोट्या संस्थानाच्या राजाने अशी आधुनिक कृती आपल्या संग्रहात आणावी याचा मला मनापासून अभिमान वाटतो. परंतु प्रतिकृतींना दुय्यम लेखणे मला अन्यायाचे वाटते. ज्या मुलखातील होतकरू चित्रकाराला विलायतेचा प्रवास स्वप्नातही परवडणारा नव्हता, त्याला तेथील आचार्यांची रचना आणि छायाप्रकाशाची योजना येथेच न्याहाळता यावी, ही सोय बाळासाहेबांनी केली. आणि त्या विद्यार्थ्याच्या वहीत, सैरंध्रीच्या आधीच्या दोन पानांवर, अशाच प्रतिकृतींवरून केलेली रेखाटने होती.